ॲपवर दुकान, रस्त्यावर जागा नाही

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने झोमॅटोशी सामंजस्य करार केला. भोपाळ, लुधियाना, नागपूर, पाटणा, रायपूर आणि वडोदरा या सहा शहरांतल्या तीनशे खाद्यविक्रेत्यांना ॲपवर आणायचं, असा हा पथदर्शी प्रयोग होता. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये स्विगीशी तसाच करार झाला होता. त्यात अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली, इंदूर आणि वाराणसी ही पाच शहरं आणि अडीचशे विक्रेते होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आकडा १२५ शहरं आणि ३६ हजार विक्रेत्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. टाळेबंदीने हातगाड्या महिनोन्महिने बंद पडल्या होत्या, त्यामुळे या करारांचं स्वागत झालं आणि त्या वेळी ते योग्यही होतं.

शहराने बाहेरच्या संस्थेशी हात मिळवून स्थानिक धंद्यांना आधार देणं ही चांगलीच गोष्ट आहे. पालिकेकडे ॲप नाही, पोचवणारी माणसं नाहीत, गिऱ्हाईक शोधून आणण्याचं कसब नाही. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यावं. पण ज्या दोन गोष्टी फक्त पालिकाच देऊ शकते, म्हणजे उभं राहायला जागा आणि त्या जागेचा कागद, त्या आधी द्याव्यात. मग कराराला बसावं, आणि बसल्यावर विक्रेत्याच्या बाजूने बसावं. हे दोन्ही जमत नसेल तर करार करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

या करारांवर सह्या दिल्लीत झाल्या, मंत्रालय आणि कंपनी यांच्यात. नागपूर महानगरपालिका त्यात राबवणाऱ्या यंत्रणांपैकी एक. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण आणि जीएसटीचे अधिकारी हेही सोबत. कागदावर शहराचं नाव येतं, पण अटी ठरवताना शहर टेबलावर नसतं. ज्याच्या गाडीवर हे सगळं उभं राहणार तो विक्रेता तर त्या खोलीच्या बाहेरही नसतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

करारात विक्रेत्याला काय काय मिळणार होतं? पॅन कार्ड काढून देणं, अन्नसुरक्षा नोंदणी, ॲप वापरायचं प्रशिक्षण, पदार्थांची यादी चढवून देणं, दर ठरवायला मदत, स्वच्छता आणि पॅकिंगचे धडे. यादी कामाची आहे. अन्नसुरक्षा नोंदणीचंच घ्या. तेव्हाच्या नियमांनुसार वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला साधी नोंदणी पुरायची, शुल्क वर्षाला १०० रुपये. रक्कम किरकोळ, तरी ती नोंदणी नसलेले असंख्य. कारण अर्ज ऑनलाइन, त्यात धंद्याचा पत्ता लागतो, आणि हातगाडीला पत्ता नसतो. घराचा पत्ता घातला की ॲपवरचं ठिकाण आणि नोंदणीवरचं ठिकाण जुळत नाही. बँक खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी खातं जोडलं जात नाही. मोबाइल नंबर बहुधा मुलाच्या नावावर असतो, आणि मुलगा कामावर गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो. या अडचणी एकेक सुटतात, पण प्रत्येकीसाठी कुणीतरी गाडीपाशी जाऊन बसावं लागतं. सभागृहात शंभर जणांना एकदम बसवून दिलेल्या प्रशिक्षणातून त्या सुटत नाहीत.

आता हिशेब. नागपुरात सकाळचा धंदा म्हणजे तर्री पोहे. एक प्लेट ३० रुपये धरू. पोहे, हरभरा, तेल, मसाला, कांदा, गॅस मिळून प्लेटमागे १४ रुपये आणि कागदी प्लेटचा एक रुपया धरू. पाच प्लेटचे १५० रुपये आले, ७५ खर्च झाले, ७५ हातात राहिले.

हीच पाच प्लेटची ऑर्डर ॲपवरून आली आणि कमिशन २० टक्के असलं, तर ३० रुपये तिथे गेले. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ रुपये ४० पैसे. विक्रेता जीएसटीत नोंदलेला नसल्यामुळे तो कर त्याला वळता मिळत नाही, सरळ खर्चात जातो. मग पॅकिंग. तर्री पातळ आणि तेलकट, ती पोह्यांवर ओतून पाठवली तर वीस मिनिटांत लगदा होतो. म्हणजे पोह्यांना एक डबा आणि तर्रीला झाकण घट्ट बसणारी वाटी, असे दोन नग हवेत. ते प्लेटमागे सहा रुपयांत बसवले तरी पाच प्लेटचे ३० होतात. कच्च्या मालाचे ७०. सगळं वजा केलं की १५० रुपयांतून १४ रुपये ६० पैसे उरतात. गाडीवर ७५ उरत होते.

मग दर वाढवा, असा सल्ला मिळतो. प्लेट ४५ ची करू. पाच प्लेटचे २२५, कमिशन ४५, त्यावरचा कर ८ रुपये १० पैसे, पॅकिंग ३०, माल ७०. उरले ७१ रुपये ९० पैसे. दर दीडपट केला आणि तरीही गाडीवर मिळतात तेवढे सुटले नाहीत. त्यात एखादी वाटी वाटेत सांडली आणि गिऱ्हाइकाला पैसे परत गेले तर त्या ऑर्डरचा नफा संपला. ॲपवरच्या सवलतीचा भार कुणी उचलायचा, हे करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तोही हळूहळू विक्रेत्याच्या अंगावर येतो.

इथे धरलेले आकडे शहराप्रमाणे आणि पदार्थाप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. आणि यावरून ॲप नकोच, असं मात्र ठरत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, जुलै-ऑगस्टच्या पावसातही तीच गत. त्या वेळी माल पडून असतो, माणूस रिकामा बसलेला असतो. तेव्हा आलेल्या ऑर्डरचे ७२ रुपये ही वरकमाईच आहे. फायदा तिथेच आहे. तोटा होतो तो सकाळी आठ ते दहाच्या गर्दीत, जेव्हा समोर वीस माणसं उभी असतात आणि त्याच वेळी फोन वाजतो. ऑर्डर काही मिनिटांत स्वीकारली नाही तर ती रद्द होते आणि रद्द झालेल्या ऑर्डरी दुकानाचं मानांकन (रेटिंग) खाली खेचतात. म्हणून पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात शिकवायची गोष्ट एकच: गर्दीच्या तासांत ॲप बंद कसं ठेवायचं. कंपनीला ती सोयीची नाही, त्यामुळे ती पालिकेच्या माणसाने शिकवली पाहिजे.

पैशाच्या वेळापत्रकाचंही असंच आहे. विक्रेता पहाटे कॉटन मार्केटमधून कांदा-कोथिंबीर आणि इतवारीतून पोहे-हरभरा रोखीने आणतो. संध्याकाळचा गल्ला हेच त्याचं दुसऱ्या दिवशीचं भांडवल असतं. ॲपचा हिशेब मात्र साधारण आठवड्याने खात्यात येतो. रोजच्या दोन हजारांच्या धंद्यातला तिसरा हिस्सा ॲपवर गेला तर आठवड्याला साडेचार हजारांच्या वर रक्कम अडकून राहते. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेतलं पहिलं कर्ज सुरुवातीला १० हजारांचं होतं. म्हणजे शासनाने खेळतं भांडवल म्हणून जे दिलं त्याचा जवळजवळ निम्मा भाग कंपनीच्या हिशेबात पडून राहिला. आणि त्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला भरायचाच असतो.

स्वनिधीचा उल्लेख इथे मुद्दाम केला, कारण बाहेरच्या संस्थांशी भागीदारीचं हे सगळ्यात मोठं उदाहरण आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेली ही योजना बँका, सिडबी (लघुउद्योगांसाठीची सरकारी वित्तसंस्था) आणि पालिका यांनी मिळून चालवली. विनातारण १० हजार, ते फेडले की २० हजार, मग ५० हजार, आणि वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज परतावा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली आणि पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजारांचे झाले. या योजनेने सावकाराच्या दारात जाणाऱ्या अनेकांना पहिल्यांदा बँकेत नेलं. ते मोठं काम आहे.

तरी तिच्यातही विक्रेत्याच्या धंद्याची घडण न पाहता ठरवलेल्या गोष्टी आहेत. डिजिटल व्यवहारांवर महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा ठेवला: पहिल्या ५० व्यवहारांना ५० रुपये, पुढच्या ५० ना २५, त्यापुढच्या १०० ना आणखी २५. पण मूळ नियमात व्यवहार किमान २५ रुपयांचा असण्याची अट होती. दहा रुपयांचा कटिंग विकणाऱ्याने दिवसाला दोनशे वेळा क्यूआर वाजवला तरी त्यातला एकही मोजला जायचा नाही. नियम करणाऱ्यांनी एक दिवस चहाच्या टपरीवर काढला असता तर ही अट आलीच नसती.

याउलट ‘स्वनिधी से समृद्धी’ हा जानेवारी २०२१ मध्ये १२५ शहरांत सुरू झालेला कार्यक्रम पाहा. त्यात भारतीय गुणवत्ता परिषदेला भागीदार करून विक्रेत्यांच्या कुटुंबांची माहिती गोळा केली आणि त्यांना विमा, जनधन, शिधापत्रिका, मातृवंदना अशा आठ योजनांशी जोडलं. बाहेरच्या संस्थेकडे ठरावीक काम होतं, विक्रेत्याच्या गल्ल्यात तिचा वाटा नव्हता, आणि काम झालं की नाही हे मोजता येत होतं. करार करणाऱ्या पालिकांनी हा साचा आधी समोर ठेवावा.

पण सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाहीच, जागेची आहे. पालिकेचा समाज विकास विभाग विक्रेत्याची नोंद करतो, शिफारसपत्र देतो, कर्जाला पाठवतो, ॲपच्या यादीत त्याचं नाव घालतो. आणि एखाद्या सकाळी त्याच पालिकेचं अतिक्रमण पथक येऊन गाडी उचलून नेतं. ॲपवर दुकान उघडं असतं, ऑर्डर येते, पोचवणारा मुलगा नकाशावरच्या पिनने दाखवलेल्या ठिकाणी जाऊन उभा राहतो आणि तिथे काहीच नसतं. ऑर्डर रद्द. दोन दिवसांत असं चार-पाच वेळा झालं की मानांकन घसरतं, दुकान यादीत खाली जातं. दंड भरून गाडी सोडवून आणेपर्यंत ॲपवरचा धंदा मोडलेला असतो. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार एकाच इमारतीतल्या दोन खात्यांत होतो, आणि त्यात कंपनीचा काहीच दोष नसतो.

खरं तर कायद्याने हे दहा वर्षांपूर्वीच सोडवलेलं आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, सापडलेल्या सगळ्यांना विक्री क्षेत्रांच्या क्षमतेत सामावून घ्या, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्या. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं. त्याचे अडीच टक्के म्हणजे ६० हजार. सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत परत करायचा. भाजीवाल्याची टोपली चौथ्या दिवशी परत मिळाली तर ती मिळून काय उपयोग, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

अंमलबजावणी मात्र रखडली. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात ९९,४३५ फेरीवाले मोजले गेले आणि छाननीनंतर पात्र ठरले ३२,४१५. याच कायद्यातल्या पथविक्रेता समितीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. राज्यातलं सगळ्यात श्रीमंत शहर या एका समितीसाठी दहा वर्षं घेतं, तर बाकीच्यांबद्दल काय सांगावं! आणि ही समिती शोभेची नाही. तिच्यात किमान ४० टक्के निवडून आलेले विक्रेते, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि किमान १० टक्के सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी असावे लागतात. कर्ज, विमा, प्रशिक्षण यांबद्दलची पावलं या समितीच्या सल्ल्याने उचलायची, असं कायद्यातच आहे. बाहेरच्या संस्थेशी करार करायचा तर तो जिथे वाचला गेला पाहिजे ती जागा कायद्याने आधीच करून ठेवलेली आहे. मार्च २०२२ नंतर कितीतरी महापालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. अशा काळात तर ही समिती असणं जास्तच गरजेचं होतं.

जागा आधी आणि भागीदार नंतर, हा क्रम भुवनेश्वरने पंधरा-वीस वर्षांपूर्वी करून दाखवला. तिथल्या महापालिकेने विक्रेत्यांच्या संघटनेला सोबत घेऊन पन्नासच्या वर विक्री क्षेत्रं आखली आणि सुमारे अडीच हजार विक्रेत्यांना एकसारख्या टपऱ्या मिळाल्या. काही टपऱ्यांचा खर्च जाहिरात कंपन्यांनी उचलला आणि त्या बदल्यात त्यांना टपरीवर जाहिरात लावायचा हक्क मिळाला. या व्यवहाराची रचना नीट पाहण्यासारखी आहे. कंपनीने भांडवल घातलं, तिला मोबदला मिळाला जाहिरातीच्या जागेतून, आणि विक्रेत्याच्या रोजच्या विक्रीला कुणी हात लावला नाही. त्यातही त्रुटी राहिल्या. आखलेल्या क्षेत्राबाहेर राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न तिथेही उरलाच. पण सुरुवात जमिनीपासून झाली.

ॲपच्या करारात काय असावं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही नुसती तक्रार ठरेल.

कमिशनचा दर आणि त्याची मुदत करारातच आकड्यात असावी. पहिले सहा महिने शून्य आणि मग ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’ असं एक वाक्य असेल तर सही करू नये, कारण सातव्या महिन्यात विक्रेता एकटा असतो आणि त्याच्याकडे वाटाघाटीचं काहीच बळ नसतं. दर बदलायचा तर ६० दिवस आधी मराठीत लेखी कळवावं. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात यावेत. यूपीआयच्या जमान्यात आठवडाभर थांबवण्याचं कारण तांत्रिक उरलेलं नाही. सवलतीचा खर्च विक्रेत्याच्या स्पष्ट होकाराशिवाय त्याच्यावर पडू नये. याच ॲपवर विकायचं, दुसरीकडे नाही, अशी अट नसावी.

माहितीबद्दल पालिकांनी फार सावध राहिलं पाहिजे. सर्वेक्षणात गोळा झालेले मोबाइल नंबर, आधार, घरचे पत्ते ही विक्रेत्यांनी पालिकेला विश्वासाने दिलेली माहिती आहे. ती यादी उचलून कंपनीला द्यायची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचं सूत्रच संमती हे आहे, आणि शिबिरात इंग्रजी फॉर्मवर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. उलट दिशेने मात्र माहिती यायला हवी. महिन्याला किती ऑर्डरी, किती रुपये, कोणत्या तासाला, किती रद्द आणि का, हे विक्रेत्याला त्याच्या भाषेत एका पानावर मिळावं. बँकेत पुढच्या टप्प्याचं कर्ज मागताना हेच पान त्याच्या कामी येईल.

आणि एक कलम असं, जे अशा करारांत असायलाच हवं: पालिकेच्या कारवाईमुळे, रस्त्याच्या कामामुळे किंवा स्थलांतरामुळे विक्री बंद राहिली तर त्या दिवसांच्या रद्द ऑर्डरी मानांकनात मोजायच्या नाहीत, आणि नव्या जागेचा पिन दोन दिवसांत बदलून द्यायचा. हे जमण्यासाठी अतिक्रमण विभागाने समाज विकास विभागाला आणि त्यांनी कंपनीला कळवावं लागेल. या एका कलमामुळे पालिकेतली दोन खाती एकमेकांशी बोलायला लागली तरी करार सार्थकी लागला म्हणता येईल.

तक्रारीसाठी माणूस हवा, समोर बसलेला. चॅटवर इंग्रजीत उत्तर देणारी यंत्रणा तर्री पोहेवाल्या मावशींच्या उपयोगाची नाही. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोन कार्यालयात आठवड्यातून दोन दुपारी कंपनीचा एक आणि पालिकेचा एक असे दोघं बसले तर बहुतेक अडचणी तिथल्या तिथे मिटतील. वेळ दुपारचीच हवी. सकाळी आणि संध्याकाळी विक्रेता गाडी सोडून येऊ शकत नाही.

शिवाय ॲपचा उपयोग ज्यांना होतो ते पथविक्रेत्यांतले थोडेच. भाजीवाली, चप्पल शिवणारा, चादरी विकणारा, कुलपाच्या चाव्या बनवणारा यांना पोचवणाऱ्या मुलाची गरज नाही. त्यांना पाण्याचा नळ, रात्रीचा दिवा, बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह आणि माल ठेवायला कुलूपबंद जागा हवी. हे देणारी कुठलीच कंपनी येणार नाही. एका करारामुळे पालिकेचं सगळं लक्ष आणि सगळी माणसं तीनशे खाद्यविक्रेत्यांकडे वळली, तर बाकी हजारोंचं नुकसान होतं.

म्हणून अशा प्रयोगाची सुरुवात एकाच झोनमधून व्हावी, आणि तीही तिथलं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटल्यानंतर. सहा महिन्यांनी किती जणांची नोंदणी झाली हा आकडा बाजूला ठेवून तीनच गोष्टी पाहाव्यात. नोंदलेल्यांपैकी आजही किती जण ऑर्डरी घेत आहेत, पॅकिंग आणि कमिशन वजा जाता त्यांच्या हातात महिन्याला किती जास्त पडले, आणि किती जण सोडून गेले व कशामुळे. हे कागद पथविक्रेता समितीच्या बैठकीत मराठीत मांडावेत. समितीतल्या निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या बहुमताने नको म्हटलं, तर दुसऱ्या झोनमध्ये जायचं नाही, आणि ही अटही करारावर सही करण्याआधीच त्यात लिहिलेली असावी.